सुनेचे ताट



आज आम्हांला गरोदर बाईच्या जेवणाविषयी बोलावयास सांगितले आहे. तुमच्यापैकी काही जण मनात म्हणतील, "हा विषय डॉक्टरीणबाईंचा. इथे शाळामास्तराचे काय काम?" शंका बरोबर आहे. आम्ही डॉक्टर नाही. आम्ही मॅट्रिक झालेले साधे गुरुजी. पण पस्तीस वर्षे आम्ही पहिलीच्या वर्गात पोरे बसवली. दरवर्षी जून महिन्यात सहा वर्षांची पोरे रांगेत उभी राहत. एक पोरगा उंच, तरतरीत. शेजारचा इवलासा, चार दिवस शाळेत आला की दोन दिवस आजारी. दोघांचीही घरे एकाच गल्लीत. मग हा फरक कुठून येतो?

फरकाची कारणे पुष्कळ असतात. पण त्यातला एक भाग पोर शाळेत येण्याच्या फार आधी, आईच्या पोटात असतानाच ठरतो. म्हणून हा विषय डॉक्टरचा आहे तसा गुरुजींचाही आहे. आणि खरे पाहिले तर तो सगळ्यांत जास्त सासूबाईंचा आणि नवऱ्याचा आहे. का, ते पुढे सांगतो.

बाळ जन्मले की दवाखान्यात प्रथम त्याला तागडीत ठेवतात. ते वजन २५०० ग्रॅम, म्हणजे अडीच किलो, किंवा त्याहून जास्त भरले तर ठीक. त्याच्या खाली भरले तर बाळ कमी वजनाचे, असे जगभरचे डॉक्टर म्हणतात. अडीच किलो ही एक रेघ समजा.

रेघेखालच्या बाळाला काय त्रास होतो? त्याच्या अंगावर मांस कमी, म्हणून त्याला थंडी लवकर बाधते. अंगात जोर कमी, म्हणून ते आईचे दूध ओढून पिऊ शकत नाही. खोकला, हगवण अशी दुखणी त्याला लवकर धरतात. अशी पुष्कळ बाळे जगतात, वाढतात, चांगली मोठीही होतात. पण त्यांची वाट चढणीची असते. ही चढण आपल्याला कमी करता येते का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आता सांगा, पोटातले बाळ काय खाते? त्याला तोंड असून नसल्यासारखे. आई जे खाते ते तिच्या रक्तात उतरते, आणि नाळेवाटे बाळाला पोचते. बाळाची चूल म्हणजे आईचे ताट. दुसरी चूल त्याला नाही.

आपल्याकडे म्हणतात, "दोन जिवांची आहे, दोन घास जास्त खा." हे खरे आहे. पण दोन घास कशाचे? आणखी अर्धी भाकर? आणखी मूठभर भात? इथेच खरी गोम आहे.

घर बांधायचे उदाहरण घ्या. भिंतीला माती-विटा लागतात. आढ्याला लाकूड लागते. दाराला बिजागरी लागते, खिळे लागतात. अंगणात विटांचा डोंगर रचला, पण खिळे आणि बिजागऱ्या आणल्याच नाहीत, तर घर उभे राहील का? खिळा केवढासा, पण त्याच्यावाचून दार बसत नाही. भाकर, भात, पोळी या विटा. त्यांनी पोट भरते, अंगात जोर येतो. वरण, दूध, अंडे हे घराचे लाकूड, त्याने मांस बनते. आणि पालेभाजी, फळे, दूध यांत खिळे आणि बिजागऱ्या असतात: लोह, चुना म्हणजे कॅल्शियम, आणि निरनिराळी जीवनसत्त्वे. पाल्यात फोलेट नावाचे एक जीवनसत्त्व असते. नवे रक्त आणि नवे अंग तयार व्हायला ते लागतेच.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, उदाहरण गोड आहे. पण पाहिले कोणी?" पाहिले आहे. आणि परदेशात नव्हे, आपल्याच महाराष्ट्रात, शेतकऱ्यांच्या खेड्यांत पाहिले आहे.

१९९३ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक काम सुरू केले. तिथली जमीन कोरडवाहू, माणसे शेतात राबणारी, बाया अंगाने बारीक. या खेड्यांतल्या सुमारे आठशे गरोदर बायांच्या खाण्याची त्यांनी नोंद ठेवली. कोण काय खाते, किती खाते, कितीदा खाते, हे एकदा पाचव्या महिन्याच्या सुमारास आणि एकदा सातव्या महिन्यात लिहून घेतले. मग बाळ जन्मले की त्याचे वजन केले, लांबी मोजली. दिवस पूर्ण भरून जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन भरले २६६५ ग्रॅम. म्हणजे रेघेच्या जेमतेम वर. इंग्लंडात साउदॅम्प्टन गावी जन्मणाऱ्या बाळांचे वजन साडेतीन किलोच्या घरात असते.

आता खरी गंमत ऐका. या कामाचा हिशेब डॉ. शोभा राव, डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली छापला. त्यांना वाटले असेल की जी बाई पोटाला जास्त खाते तिचे बाळ मोठे. पण तसे दिसले नाही. भाकरी-भाताची भर कोणाची थोडी कमी, कोणाची थोडी जास्त, त्यावर बाळाचे वजन ठरत नव्हते. मग कशावर ठरत होते? जी बाई पाचव्या महिन्यात दूध जास्त घेत होती, आणि सातव्या महिन्यात पालेभाजी व फळे वरचेवर खात होती, तिचे बाळ वजनाने आणि लांबीने मोठे होते. त्या बायांचे रक्तही तपासले होते. ज्यांच्या रक्तात पाल्यातले ते फोलेट जास्त, त्यांची बाळे वजनदार.

इथे एखादा हुशार माणूस उठून म्हणेल, "अहो, ज्या घरी दूध आणि फळे, ते घरच खाऊनपिऊन सुखी. बाळ मोठे झाले ते पैशामुळे, पाल्यामुळे नव्हे." ही शंका योग्य आहे. पुण्याच्या मंडळींनी पैशाचा, आईच्या उंचीचा, वजनाचा हिशेब वेगळा काढून पाहिला, तरी पालेभाजी, फळे आणि दूध यांचा गुण दिसलाच. पण शास्त्राचे लोक एवढ्यावर थांबत नाहीत. ते म्हणाले, आता देऊनच पाहू.

हे देऊन पाहण्याचे काम मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात झाले. साडेसहा हजारांच्या आसपास बाया त्यात होत्या. अर्ध्या बायांना रोज एक खाऊ मिळे. दिसायला समोसा-वड्यासारखाच, पण आत पालेभाजी, फळ आणि दूध. उरलेल्या अर्ध्यांनाही तसाच दिसणारा खाऊ, पण आत बटाटा, कांदा अशा साध्या भाज्या. आणि हे सुरू केले ते बाई गरोदर होण्याच्या आधीपासून.

काय निघाले? सगळ्या बाया एकत्र धरल्या तर फरक फारसा नव्हता. पण ज्या बायांनी गर्भ राहण्याच्या आधी निदान तीन महिने तो खाऊ सुरू केला होता, त्यांच्यात फरक पडला. त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. ४८ ग्रॅम म्हणजे एक लिंबू. तुम्ही हसाल. पण पुढचा आकडा पाहा. साधा खाऊ घेणाऱ्यांत शंभरातली ४१ बाळे अडीच किलोच्या खाली होती. पालेभाजी-दुधाचा खाऊ घेणाऱ्यांत ३४. म्हणजे शंभरामागे सात बाळे रेघेच्या वर आली. त्या खाऊने गरोदरपणात होणारा मधुमेहही कमी झाला. आणखी एक गोष्ट दिसली. ज्या बाया आधीपासून अगदीच रोडावलेल्या होत्या, त्यांच्या बाळांचे वजन या एका खाऊने वाढले नाही. भिंतीलाच विटा नाहीत, तिथे नुसते खिळे काय करणार?

यातून दोन धडे निघतात. पहिला: पोट भरले पाहिजे, आणि ते कशाने भरले हेही पाहिले पाहिजे. दुसरा: उशीर करून चालत नाही.

या दुसऱ्या धड्यावर थोडे थांबू. आपल्याकडे सुनेचे लाड केव्हा होतात? सातव्या महिन्यात. डोहाळजेवण असते. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी, पाच पक्वान्ने. चाल फार चांगली आहे, ती चालू ठेवा. पण पोटातल्या बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा जिच्यातून होतो ती नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. त्या वेळी पुष्कळ बायांना आपल्याला दिवस गेले हेही कळलेले नसते. मग सातव्या महिन्यात वाढलेले ताट त्या कामाला कसे पोचेल? वावरात पेरणी झाल्यावर दोन महिन्यांनी कोणी नांगरट करते का? मशागत आधी होते. म्हणून सांगतो, सुनेचे ताट ती घरात आली त्या दिवसापासून भरा. आणि त्याच्याही आधी, आपल्या घरची लेक ही उद्या कोणाची तरी सून आहे. तिच्या ताटापासून सुरुवात करा. तिचे लग्न अठरा वर्षे पुरी झाल्यावरच करा. स्वतःचीच वाढ चालू असलेल्या पोरीच्या पोटात बाळ वाढू लागले, की एकाच भाकरीला दोन वाटेकरी होतात.

आता तुम्ही विचाराल, "हे सारे खरे. पण दूध, फळे, पालेभाजी रोज आणायची कुठून? आम्ही काय सावकार आहो?"

जरा आपल्या वर्धा जिल्ह्याकडे पाहू. १९३५ च्या सुमारास महात्मा गांधी वर्ध्याला मगनवाडीत राहत होते, पुढे १९३६ साली ते सेवाग्रामला गेले. खेड्यातल्या माणसाने काय खावे, याचा त्यांना ध्यास होता. खेड्याच्या आसपास फुकट किंवा स्वस्तात मिळणारा हिरवा पाला लोकांनी खावा, हा त्यांचा आग्रह. त्यावर त्यांनी 'हरिजन' पत्रात लिहिलेही. त्याच सेवाग्रामात बायामुलांसाठी सुरू झालेला लहानसा दवाखाना आज मोठे कस्तुरबा रुग्णालय आहे, आणि १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी तिथे वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. म्हणजे हा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. आपलाच जुना आहे, आपण तो विसरत चाललो आहो.

पावसाळा लागला की धुऱ्यावर तरोटा उगवतो, घोळ पसरते. पुढे आंबाडी येते. हिवाळ्यात मेथी, पालक, सांभार, मुळ्याचा पाला आणि हरभऱ्याची कोवळी भाजी. हरभऱ्याची भाजी वाळवून ठेवली तर उन्हाळ्यातही चालते. उन्हाळ्यात चिवळ मिळते. मुंगन्याचे एक झाड दारात असले तर पाला जवळजवळ बारा महिने. मुंगन्याच्या पाल्यात लोह आहे, चुना आहे. आपण शेंगा तेवढ्या खातो आणि पाला बकरीला घालतो! फळांचे म्हणाल तर बोरे, आवळे, जाम, सीताफळ, चिंच, लिंबू. आर्वी, आष्टी, कारंजा भागात तर संत्र्याच्या बागा. सफरचंदाचे नावच काढायला नको. जवसाची चटणी, तीळ, शेंगदाणे, तुरीचे वरण, फुटाणे, हे सारे आपलेच. जी घरे अंडी, मासे खातात त्यांनी ते अवश्य खावे. जी खात नाहीत त्यांनी दूध, दही, ताक सोडू नये. कारण रक्ताला लागणारे एक जीवनसत्त्व, बी-बारा, पाल्यात किंवा धान्यात नसते. ते दूध, अंडी, मांस यांतच मिळते.

एक सावधगिरी ठेवा. ज्या वावरात तणनाशक मारले आहे तिथली रानभाजी आणू नका. भाजी आधी स्वच्छ धुवा, मग चिरा. शिजवलेले पाणी फेकू नका, वरणात घाला. वर लिंबू पिळा. लिंबाने पाल्यातले लोह अंगी लागते. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहा ते लोह अडवून धरतो.

पण आम्हांला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. पूर्वी पऱ्हाटीच्या ओळीत तूर असे, मूग-उडीद असे, धुऱ्यावर आंबाडी असे. खायला ज्वारी घरची. आता पुष्कळ वावरांत सोयाबीन आणि कापूस, एवढेच. पैसा लागतो, आम्ही त्याला नावे ठेवत नाही. पण घरी म्हैस आहे आणि दूध थेंबन् थेंब डेअरीत जाते. कोंबड्या आहेत आणि अंडी बाजारात जातात. बागेत संत्री आहेत आणि ती नागपूरला जातात. चांगले ते विकायचे आणि उरले ते चुलीवर चढवायचे, असा हा हिशेब झाला. डेअरीत घालण्याआधी एक पेला दूध घरात राहू द्या. त्या एका पेल्याने घर बुडत नाही.

आता घरातल्या आजीबाईंकडे वळतो. एका गावी आम्ही हेच बोलत होतो, तेव्हा एक म्हातारी उठली. म्हणाली, "गुरुजी, आमच्या वेळेस कुठं होतं दूध न् फळं? तरी झाली न् आम्हाले लेकरं!"

आम्ही म्हणालो, "झाली, आजी. किती झाली?"

"आठ."

"आज किती आहेत?"

ती बोटांवर मोजू लागली, आणि मोजता मोजता गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "चार." सभेत कोणी बोलले नाही. त्या म्हातारीचा यात काय दोष? तिच्या ताटात जे वाढले गेले नाही, ते तिच्या लेकरांना कुठून मिळणार?

आणखी एक समजूत ऐकू येते. "जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि बाळंतपण अडेल." काही घरी म्हणतात, "पोट अन्नाने भरलं तर बाळाला जागा कुठं?" ही भीती उगाच आलेली नाही. पूर्वी बाळंतीण अडली तर बैलगाडीत घालून न्यावे लागे, रस्त्यात नदी-नाला असे. डोळ्यांदेखत बाया गेल्या. म्हणून म्हाताऱ्यांनी आपल्या परीने उपाय काढला की बाळ लहानच बरे. आज ती अवस्था राहिली नाही. १०२ किंवा १०८ या नंबरवर फोन केला तर गाडी येते. बाळंतपण दवाखान्यात करा, म्हणजे अडले तरी मार्ग निघतो. आणि तीन किलोचे बाळ म्हणजे काही राक्षस नव्हे, बरं का! बाळाची जागा गर्भाशयात आणि अन्नाची जागा जठरात. दोन्ही खोल्या वेगळ्या आहेत. एकदम पोटभर जेवण जात नसेल तर चारदा थोडे थोडे खावे.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. काही घरी सून गरोदर झाली की साखर, तूप, मिठाई यांचा मारा होतो. पुण्याच्या त्या डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली. आपली बाळे वजनाने लहान असतात, त्यांच्या अंगावर मांस कमी असते, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून असते. वरून रोड, आतून चरबीचे. अशा बाळाला मोठेपणी मधुमेहाचा धोका जास्त. म्हणून बाळ नुसते फुगवायचे नाही, ते नीट घडवायचे आहे. त्याला साखरेपेक्षा पालेभाजी जास्त उपयोगी.

मगाशी आम्ही म्हणालो की हा विषय सासूबाईंचा आणि नवऱ्याचा आहे. आता त्याचे कारण सांगतो. घरात जेवणाचा क्रम काय असतो? आधी पुरुष जेवतात. मग पोरे. मग सासू. शेवटी सून. भाजीची कढई तिच्यापर्यंत येते तेव्हा तळाला चिकटलेले तेवढे उरते. वरण संपलेले असते. मग ती भाकरीबरोबर तिखट-मीठ घेते आणि उठते. कोणी तिला उपाशी ठेवत नाही. तिचे पोट भरते. पण भरते कशाने? विटांनी. खिळे आणि बिजागऱ्या वरच्या पंगतीत संपून गेल्या. हे कोणी दुष्टपणाने करत नाही, चालत आले म्हणून चालते. पण देशात गरोदर बायांपैकी निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या सरकारी पाहणीत आढळले. त्या कमी रक्ताचे एक कारण या तळाच्या कढईत आहे.

यावर उपाय फार स्वस्त आहे. त्याला पैसा लागत नाही. सगळ्यांनी एकदमच जेवायला बसावे. तेवढे जमत नसेल तर पहिली वाटी भाजी आणि पहिली वाटी वरण सुनेसाठी काढून झाकून ठेवावे. हे काम सासूबाईंनी करावे. सून स्वतः काढून घेणार नाही, तिला लाज वाटते. आणि नवऱ्याने विचारावे, "तुझ्यासाठी ठेवलं का?" एवढे विचारल्याने कोणाची मर्दुमकी कमी होत नाही.

कामाचेही तसेच. पुण्याकडच्या त्याच खेड्यांत दिसून आले की गरोदरपणी ज्या बायांवर कष्टाचा भार जास्त, म्हणजे शेतकाम, पाणी वाहणे, धुणी, त्यांची बाळे वजनाने कमी. आम्हांला ठाऊक आहे की निंदणाला किंवा कापूस वेचायला गेले नाही तर मजुरी बुडते. सगळ्यांना घरी बसणे परवडत नाही. पण पाण्याचा हंडा नवऱ्याने आणला तर मजुरी बुडत नाही. दुपारी दोन तास पाठ टेकू दिली तर मजुरी बुडत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत तरी जड ओझे तिच्या डोक्यावर देऊ नका. आणि तंबाखू, खर्रा, मिसरी यांना गरोदर बाईने हात लावू नये. तंबाखूने बाळाचे वजन घटते, हे पक्के ठरलेले आहे. नवऱ्याने घरात विडी ओढली तर तो धूरही तिच्याच छातीत जातो.

सरकारकडून जे मिळते ते हक्काने घ्या. अंगणवाडीत लवकर नाव नोंदवा. तिथला आहार गरोदर बाईसाठी असतो, तो साऱ्या घरात वाटून संपवू नका. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्या रोज एक, निदान १८० दिवस. त्यांनी शौचास काळे होते, त्याला भिऊ नये. चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्या वेगळ्या वेळी घ्याव्यात. गोळी आहे म्हणून भाजी सोडू नये आणि भाजी आहे म्हणून गोळी सोडू नये. पहिल्या खेपेला मातृवंदना योजनेचे ५००० रुपये हप्त्यांनी बाईच्या खात्यात येतात. ते पैसे दुधा-फळांसाठी आहेत. ते खताच्या उधारीत किंवा मोबाइलमध्ये घालू नका.

शेवटची एक गोष्ट, आणि ती खास तुमच्यासाठी, कारण तुम्ही आता वाचायला शिकलात.

इंग्लंडात हर्टफर्डशायर नावाचा एक जिल्हा आहे. तिथे १९११ सालापासून सुईणी आणि परिचारिका जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे वजन वहीत लिहीत. एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंनी ही शिस्त लावली. लिहिणाऱ्यांना ठाऊकही नव्हते की पुढे त्याचे काय होईल. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती त्या वह्या लागल्या. त्यांनी त्या बाळांचा पुढे शोध घेतला. जी बाळे वजनाने लहान होती, त्यांच्यात मोठेपणी हृदयविकाराने मरणारे जास्त निघाले. १९८९ साली त्यांनी हे छापले आणि जगभरचे डॉक्टर जागे झाले. पोटातल्या नऊ महिन्यांचा परिणाम म्हातारपणापर्यंत पोचतो, हे जगाला कळले ते एका वहीमुळे.

तशी वही तुमच्याही घरी येते. गरोदर बाईला माता-बाल कार्ड मिळते. त्यावर तिचे वजन लिहितात, रक्ताचा आकडा लिहितात, पुढे बाळाचे वजन लिहितात. आजवर ते कार्ड पेटीत पडून राही, कारण घरात ते वाचणारे कोणी नव्हते. आता तुम्ही वाचा. दर महिन्याला वजन किती वाढले ते पाहा. पूर्ण गरोदरपणात साधारण नऊ ते अकरा किलो वाढ व्हावी. दोन महिने आकडा हललाच नाही, तर आशाताईला किंवा नर्सबाईंना विचारा. रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, ११ च्या खाली असेल तर विचारा. विचारायला लाजू नका. ज्याला वाचता येते त्याला विचारताही आले पाहिजे.

आता आटोपते घेतो. ध्यानात ठेवायला पाच गोष्टी सांगतो.

१. रोज एक वाटी पालेभाजी, एक पेला दूध किंवा दही-ताक, आणि मोसमातले एक फळ.

२. भाकर आणि वरण पोटभर. नुसती भाकर नको आणि नुसती भाजीही नको.

३. ही सुरुवात दिवस जाण्याच्या आधीपासून. डोहाळजेवणाची वाट पाहू नका.

४. सुनेची वाटी आधी काढा. जड काम आणि तंबाखू तिच्यापासून दूर ठेवा.

५. कार्ड वाचा, आणि आकडा समजला नाही तर विचारा.

या पाचांपैकी चार गोष्टी आज रात्रीपासून करता येतील. घरी जा आणि पाहा, कढईच्या तळाशी जेवायला कोण बसले आहे. तिच्या ताटात काय आहे ते पाहा. पुढच्या जून महिन्यांत शाळेच्या रांगेत उभे राहणारे पोर त्या ताटातून येणार आहे.



वाचून झाल्यावर

१. तुमच्या गावात या महिन्यात कोणत्या पालेभाज्या मिळतात? पाच नावे लिहा.

२. बाळाच्या वजनाची रेघ किती ग्रॅमवर आहे?

३. मुंबईच्या कामात कोणत्या बायांची बाळे जास्त वजनाची झाली?

४. घरात किंवा शेजारी गरोदर बाई असेल तर तिचे कार्ड तिच्याबरोबर बसून वाचा. वजन आणि हिमोग्लोबिन हे दोन आकडे वहीत लिहा.